ही बस कुठे जाते? (मिक्सिंगमधल्या राउटिंगचा एक धडा)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन की एटी नाइन, हे मला अजूनही थांबून आठवावं लागतं. त्यामुळे संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ इंग्लिश विभागाकडे पळणार होते. पण ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती आमच्या मेसमध्ये घडली, मराठीत घडली, आणि जिने ती घडवली तिला इंग्लिश वाचता येत नाही. तेव्हा लिहिते. शुद्धलेखन पोटात घाला.

विषय आहे बस. एसटीची नव्हे. गाणं मिक्स करताना सॉफ्टवेअरमध्ये जी बस असते ती. हॉस्टेलवर हल्ली दर तिसऱ्या खोलीत कोणीतरी लॅपटॉप, हेडफोन आणि एक स्वस्तातला माईक घेऊन गाणी करत असतं. त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, एवढाच हेतू. नव्या करा, हरकत नाही.

झालं काय?

आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी या मार्चमध्ये काम सोडून गावी जाणार होत्या. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या इथे पोळ्या लाटतायत. दुपारी गर्दी ओसरली की भांडी आवरताना त्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणतात. फेब्रुवारीतल्या गॅदरिंगला त्यांच्या ओवीचं गाणं करून वाजवायचं, असं आम्ही ठरवलं. एका दुपारी तीन वाजता मेसमध्ये माईक लावला. मावशी एकदाच गायल्या. पुन्हा म्हणा म्हटलं तर म्हणाल्या, "एकदा म्हटलं की. आता संध्याकाळची कणीक कोण मळणार, तू?" म्हणजे आमच्याकडे एकच टेक होता, आणि त्या टेकमध्ये मेसचा पंखा आणि एक्झॉस्ट फॅन दोघंही मन लावून गात होते.

त्यावर आम्ही साथ चढवली. ढोलकीचे दोन माईक (वाजवणारा मेकॅनिकलचा), टाळ, लाटणं-पातेली-परात यांचे तीन ट्रॅक, पेटीचे दोन, गिटारचे दोन, बेस एक, कीबोर्डचे दोन, आणि आम्हा चौघींचा कोरस प्रत्येकी दोनदा, म्हणजे आठ. मावशींचा एक धरून एकूण बावीस ट्रॅक. गॅदरिंगच्या आठ दिवस आधी मी मोठ्या ऐटीत मेसमध्ये स्पीकर लावून ते मावशींना ऐकवलं.

मावशींनी लाटणं थांबवून पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "छान आहे गं. पण माझा आवाज कुठाय यात?"

मी खोलीवर येऊन मावशींचा फेडर वर केला. तर पंखा वर आला. मग ढोलकी खाली केली. तर टाळ टोचायला लागला. टाळ खाली, तर कोरस डोक्यावर बसला. पहाटे तीनपर्यंत बावीस फेडर वर-खाली करून मी पुन्हा जिथे होते तिथेच पोचले. तेव्हा लक्षात आलं की प्रश्न आवाजाच्या पातळीचा नाही. प्रश्न रस्त्यांचा आहे.

बस म्हणजे काय?

बस हा शब्द लॅटिनमधल्या ऑम्निबस या शब्दाचं शेपूट आहे. अर्थ, "सगळ्यांसाठी". रस्त्यावरची बस, इलेक्ट्रिकलवाल्यांचा बसबार, कॉम्प्युटरवाल्यांची डेटा बस, सगळी एकाच घरातली भावंडं. जिथे अनेक जण येऊन मिळतात तो सामाईक रस्ता म्हणजे बस.

जुन्या ॲनालॉग मिक्सरमध्ये ही खरोखरच एक तार किंवा तांब्याची पट्टी असते. प्रत्येक चॅनलमधून एक रेझिस्टर त्या पट्टीला जोडलेला असतो आणि पट्टीच्या शेवटी समिंग अँप्लिफायर. सेकंड इयरला आपण ७४१ वर जो समिंग अँप्लिफायर जोडला होता (आणि ज्याचं रीडिंग शेजारच्या बॅचकडून घेतलं होतं), अगदी तोच. मिक्सरवर २४-८-२ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ २४ चॅनल, ८ ग्रुप बस आणि शेवटी डावा-उजवा मिळून २ मेन. म्हणजे चोवीस जणांनी एकदम दारात गर्दी करण्याऐवजी आधी आठ गटांत उभं राहायचं आणि मग दोन रांगांनी बाहेर पडायचं.

सॉफ्टवेअरमध्ये तार नाही, फक्त बेरीज आहे. नावं मात्र वेगवेगळी. मी रीपर वापरते. त्याची ६० दिवसांची चाचणी प्रत पूर्ण चालते आणि जुन्या लॅपटॉपवरही धावते. त्यात एका ट्रॅकला फोल्डर केलं की तीच बस. क्यूबेसमध्ये ग्रुप चॅनल, एबलटनमध्ये ग्रुप आणि रिटर्न, प्रो टूल्समध्ये बस आणि ऑक्स इनपुट. नावावर जाऊ नका. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच: हा आवाज इथून कुठे जातो?

आधी कागद, मग माऊस

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद ठेवला आणि जर्नलच्या मागच्या पानावर चित्र काढलं. पहिल्या प्रयत्नात मी वाद्यांप्रमाणे गट पाडले: गळे एकीकडे, वाद्यं एकीकडे. सगळ्या ट्युटोरिअलमध्ये असंच असतं. पण मग मावशी आणि आमचा कोरस एकाच बसमध्ये बसले, आणि मावशींची तक्रार तर हीच होती की त्या आमच्यात हरवल्या.

म्हणून पान उलटलं आणि गाणं कोणाचं आहे इथून सुरुवात केली. पहिल्या पायरीवर फक्त दोघं: "मावशी" आणि "साथ". हे दोनच मास्टरला जाणार. साथीच्या पोटात तीन बस: ताल (ढोलकी, टाळ, भांडी मिळून सहा ट्रॅक), सूर (पेटी, गिटार, बेस, कीबोर्ड मिळून सात) आणि कोरस (आठ). भांड्यांचे तीन ट्रॅक तालाच्या पोटात आणखी एका छोट्या बसमध्ये ठेवले, कारण लाटणं आणि परात यांचं एकमेकांशी जमलं की त्यांना एकत्रच हलवायचं असतं.

आता बघा. मावशींचा प्रश्न होता, "माझा आवाज कुठाय?" त्याचं उत्तर द्यायला आधी बावीस फेडर होते. आता एक आहे: साथ. तो ३ डीबी खाली आला की सगळी साथ आपलं आपसातलं नातं न मोडता मागे सरकते. बस हे व्यवस्थितपणाचं प्रमाणपत्र नाही हो. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वारंवार द्यावं लागणार आहे, त्या प्रश्नासाठी एक बोट पुरेल अशी सोय म्हणजे बस. म्हणून प्रत्येक गाण्याचा नकाशा वेगळा असतो.

पंखा जाता जाईना

नकाशा छान होता, पण मी जोडणी चुकवली, आणि हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

मावशींसाठी मी "मावशी बस" नावाचा वेगळा ट्रॅक केला. त्यांच्या मूळ ट्रॅकवरून तिथे सेंड दिला. बसवर ईक्यू लावून १२० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापलं. मावशींच्या आवाजाची मूळ पट्टी याच्या बरीच वर आहे, त्यामुळे आवाजाला धक्का नाही आणि पंख्याची खालची घरघर जाणार, असा हिशोब. पण घरघर गेली नाही. १५० हर्ट्झ केलं, तरी नाही. फिल्टर आणखी तीव्र केला, तरी थोडीशीच कमी. दोन रात्री मी त्या ईक्यूला शिव्या घातल्या.

शेवटी इलेक्ट्रिकलची माझी रूममेट, जिला गाण्यातलं शून्य कळतं, ती चहा पिता पिता म्हणाली, "अगं, एक आयसोलेटर उघडलास, पण दुसऱ्या फीडरने सप्लाय चालूच असेल."

अगदी तसंच होतं! सेंड दिला म्हणजे मूळ रस्ता बंद होत नाही. मावशींचा आवाज बसमधून मास्टरला जात होता, आणि मूळ ट्रॅकवरून थेट मास्टरलाही जात होता. मी फिल्टर लावला होता एका रस्त्यावर, पंखा येत होता दुसऱ्या रस्त्याने. हिशोब करून बघा. वरच्या पट्टीत दोन्ही रस्त्यांचे आवाज सारखे, म्हणून बेरीज दुप्पट, म्हणजे ६ डीबी जास्त. खालच्या पट्टीत एक रस्ता कापलेला, म्हणून एकपट. म्हणजे मी फिल्टर कितीही तीव्र केला तरी आवाजाच्या तुलनेत पंखा फार तर ६ डीबीच खाली जाणार! ईक्यू बिचारा निर्दोष होता.

दुहेरी रस्त्याचा आणखी एक त्रास असतो. एक रस्ता दुसऱ्यापेक्षा थोडा उशिरा पोचला तर काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना खातात. १ मिलिसेकंदाचा उशीर असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा जागी खड्डे पडतात आणि माणूस पाइपमधून बोलतोय असं वाटतं. प्लगइनमुळे होणारा उशीर बहुतेक सॉफ्टवेअर स्वतःच भरून काढतं, पण त्या भरवशावर राहू नका.

उपाय सोपा आहे. रीपरमध्ये ट्रॅकच्या राउटिंगच्या खिडकीत "मास्टर सेंड" अशी खूण असते, ती काढायची. किंवा त्याहून सोपं म्हणजे सेंडच्या भानगडीत न पडता फोल्डर करायचा. फोल्डरमध्ये पोटातला ट्रॅक फक्त आपल्या पालकाकडे जातो, चोरवाट राहत नाही. एफएल स्टुडिओवाल्यांनो, तुमच्याकडे "राउट टू धिस ट्रॅक" आणि "राउट टू धिस ट्रॅक ओन्ली" असे दोन पर्याय आहेत. त्या "ओन्ली"त सगळं आहे.

आणि तपासणी? कोणतीही बस केली की लगेच ती म्यूट करा. तिच्या पोटातला आवाज पूर्ण गेला पाहिजे. थोडासाही ऐकू आला तर कुठेतरी दुसरा फीडर चालू आहे. दहा सेकंदांचं काम. मी केलं असतं तर दोन रात्री झोपले असते.

बावीस खोल्या की एक खोली?

माझ्या पहिल्या मिक्समध्ये प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब होता. ढोलकी देवळात, पेटी बाथरूममध्ये, कोरस कुठल्यातरी चर्चमध्ये. लॅपटॉप दर दोन मिनिटांनी अडखळायचा ते वेगळंच.

इथे दुसऱ्या प्रकारची बस लागते. गटाची बस म्हणजे आवाज पूर्णपणे तिथून जाणं. इफेक्टची बस म्हणजे मूळ आवाज आपल्या वाटेने जातो आणि त्याची एक प्रत, हवी तेवढीच, इफेक्टकडे पाठवायची. इथे सेंड मुद्दाम वापरायचा आणि मूळ रस्ता चालूच ठेवायचा. म्हणजे वर जी चूक होती तीच इथे पद्धत आहे! फक्त रिव्हर्बमधला कोरडा आवाज पूर्ण बंद करून ओला शंभर टक्के ठेवायचा, नाहीतर पुन्हा दुप्पट.

मी "खोली" नावाची एकच रिव्हर्ब बस केली. रिव्हर्बच्या आधी ईक्यू लावून २५० हर्ट्झच्या खालचं कापलं, म्हणजे ढोलकीचा घुमारा खोलीभर लोळत बसत नाही. मावशींचा थोडा सेंड, साथीचा थोडा. सगळे एका खोलीत बसून गातायत असं पहिल्यांदाच वाटलं.

पण इथेही एक मेख आहे. मी आधी सेंड प्रत्येक ट्रॅकवरून दिले होते. मग साथ बसचा फेडर खाली केला तर साथ मागे गेली, पण तिचा रिव्हर्ब तेवढाच राहिला. भूत! कारण ट्रॅकवरचा सेंड बसच्या फेडरच्या आधीच निघून जातो, त्याला बस खाली झाल्याचा पत्ताच नसतो. म्हणून सेंड ट्रॅकवरून न देता साथ बसवरून द्यायचा, आणि तो पोस्ट-फेडर ठेवायचा. मग फेडर खाली गेला की रिव्हर्बही त्याच प्रमाणात खाली. प्री-फेडर सेंड उपयोगी पडतो तो स्टेजवर गायकाला मॉनिटर देताना. तिथे हॉलमधला आवाज कमी-जास्त केला तरी गायकाच्या कानातला हलायला नको असतो.

बसवरचा कॉम्प्रेसर कोणाचं ऐकतो?

कोरसच्या आठ ट्रॅकवर एकच कॉम्प्रेसर बसवर लावला. त्यामुळे आवाज छान बांधला गेला. पण आमच्यातली एक मैत्रीण एका ओळीला उत्साहाच्या भरात ओरडली आहे, आणि त्या क्षणी बाकीच्या सगळ्या दबत होत्या. बसवरचा कॉम्प्रेसर एकेकाचं ऐकत नाही, बेरीज ऐकतो. चूक एकीची, शिक्षा आख्ख्या विंगला. (हे हॉस्टेलवर कोणाला समजावून सांगायची गरज नाही.) म्हणून आधी पोटातले ट्रॅक एकमेकांशी जमवायचे, तो ओरडा तिथेच कमी करायचा, आणि मग बसवर कॉम्प्रेसर. उलट क्रमाने गेलात तर पोटातला प्रत्येक फेडर हलवताना कॉम्प्रेसरचं वागणं बदलत राहतं. बसचा स्वतःचा फेडर मात्र कॉम्प्रेसरच्या नंतर येतो, तो खुशाल हलवा.

आणखी एक युक्ती. साथ बसवर कॉम्प्रेसर लावला, पण त्याला ऐकायला दिला मावशींचा आवाज. याला साइडचेन म्हणतात. रीपरमध्ये मावशींचा सेंड साथ बसच्या ३/४ या चॅनलला द्यायचा आणि कॉम्प्रेसरच्या डिटेक्टरला ऑक्झिलरी इनपुट निवडायचं. मावशी गायल्या की साथ साधारण २ डीबी झुकते, थांबल्या की परत येते. कान देऊन ऐकलं तरी कळत नाही, पण शब्द कळतात. मोठी माणसं बोलताना आपण जरा हळू होतो, तेवढंच.

बेरजेचा हिशोब

मास्टर लाल का होतो? एकाच पातळीचे, एकमेकांशी संबंध नसलेले दोन आवाज मिसळले तर पातळी ३ डीबी वाढते. आठ मिसळले तर ९ डीबी, सोळा मिसळले तर १२. बावीसचं गणित १३ डीबीच्या थोडं वर जातं. एकेक ट्रॅक ऐकताना सगळं हिरवं असतं आणि एकत्र आलं की लाल, त्याचं कारण हेच. सॉफ्टवेअर आत फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरीज करतं, त्यामुळे मधल्या बसवर लाल दिसलं म्हणून तिथे आवाज लगेच फाटत नाही. पण शेवटी १६ किंवा २४ बिटची वेव्ह फाइल काढताना ० डीबीच्या वरचं सगळं कापलं जातं. आणि मधले कॉम्प्रेसर पातळी बघूनच काम करतात, त्यामुळे शेवटी मास्टर खाली ओढून त्यांचं बिघडलेलं सुधारत नाही. ताल, सूर, कोरस यांच्या फेडरवरच आवर घाला.

थोडक्यात

१. आधी कागदावर नकाशा काढा. पहिल्या पायरीवर दोन-चारच बस, आणि त्या गाण्यातल्या मुख्य प्रश्नाप्रमाणे.
२. प्रत्येक बसला नाव आणि रंग द्या. "ट्रॅक १७" काय होता हे पहाटे कोणालाही आठवत नाही.
३. बस केली की म्यूट करून बघा. आवाज आला तर चोरवाट शोधा.
४. गटासाठी फोल्डर, इफेक्टसाठी सेंड. इफेक्ट शंभर टक्के ओला.
५. रिव्हर्बचा सेंड शक्यतो बसवरून, पोस्ट-फेडर.
६. आधी पोटातला तोल, मग बसवरचा कॉम्प्रेसर.

आणि मावशी?

गॅदरिंगच्या दोन दिवस आधी पुन्हा मेसमध्ये स्पीकर लावला. या वेळी लॅपटॉपही सोबत नेला होता. मावशींनी गॅस बारीक केला आणि पोळपाटासमोर बसूनच ऐकलं. पंखा नव्हता. म्हणजे वर फिरत होता, गाण्यात नव्हता. संपल्यावर त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. माझ्या पोटात गोळा.

मग म्हणाल्या, "हां. आता मी आहे." आणि लगेच, "पण ती भांडी एवढी कशाला आपटलीत? कोणी ऐकलं तर म्हणेल मी रोज अशीच आदळआपट करते."

मी त्यांच्यासमोर "भांडी" नावाचा एकच फेडर ४ डीबी खाली केला. तीन सेकंद लागले. मावशी म्हणाल्या, "एवढ्याशा कामाला रात्र-रात्र जागत होतीस होय गं?"

हो मावशी. एवढ्याशाच कामाला. फक्त कोणती गोष्ट कोणासोबत बसवायची, हे कळायला रात्री गेल्या.

मार्चच्या शेवटी त्या गावी गेल्या. जाताना गाणं नातीच्या फोनमध्ये घालून दिलं. सोबत फक्त त्यांच्या आवाजाची वेगळी फाइलही दिली, साथ म्यूट करून काढलेली. तीसुद्धा बसमुळेच एका मिनिटात निघाली. मला ती जास्त आवडते, आणि साथीच्या मंडळींना हे सांगू नका.

ज्यांना रीपरमधली माझी रिकामी टेम्प्लेट हवी असेल त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन यावं. चहा आपापला आणावा. चूकभूल द्यावी घ्यावी!